भट्टी न तापवता हायब्रीड पॉलिमर: सॉल-जेल आणि यूव्ही पद्धतीची सविस्तर कृती

दहा सेंटिमीटर लांब, तेवढाच रुंद आणि एक मिलिमीटर जाड असा ॲल्युमिनियमचा पत्रा घ्या. त्याचे वजन २७ ग्रॅम भरते. त्यावर १० मायक्रॉन जाडीचा पॉलिमरचा थर दिला, तर त्या थराचे वजन जेमतेम ०.१२ ग्रॅम. आता हा पत्रा ३० अंशांवरून १२० अंशांपर्यंत तापवायचा आहे. थर तापवायला सुमारे १६ जूल लागतात, पत्रा तापवायला सुमारे २,२००. आणि हे दोन्ही ज्या भट्टीत ठेवायचे ती सरासरी ५०० वॅट ओढत तासभर चालली, तर अर्धे युनिट वीज, म्हणजे १८ लाख जूल खर्च होतात. पक्का व्हायचा आहे तो फक्त थर, आणि त्याच्या वाट्याला यातले सोळा जूल आले.

कमी ऊर्जेत पॉलिमर बनवायचे तर आधी हा हिशेब मांडावा, असे मी आग्रहाने सांगतो. ‘हरित’ रसायन कोणते, नवे उत्प्रेरक कोणते, हे प्रश्न नंतरचे. आपली वीज रासायनिक अभिक्रियेवर जाते आहे की भांडे, हवा, धातू आणि द्रावक तापवण्यावर, हे एकदा कळले की पद्धत निवडणे फार अवघड राहत नाही.

खालची कृती पारदर्शक, कडक, ओरखडे कमी पडणाऱ्या हायब्रीड थराची आहे. एमएस्सीचा प्रकल्प करणारे विद्यार्थी आणि कोटिंगचे छोटे युनिट चालवणारे, दोघांनाही ती करता येईल. जाड वस्तूंसाठी शेवटी वेगळी पद्धत दिली आहे, कारण तिथे प्रकाश पोहोचत नाही.

यात हायब्रीड काय आहे

पॉलिमरमध्ये सिलिकाची भुकटी ढवळली तर ते मिश्रण झाले. खऱ्या अर्थाने हायब्रीड म्हणायचे तर काचेसारखे सिलिकॉन-ऑक्सिजनचे जाळे आणि कार्बनच्या साखळ्या यांच्यात रासायनिक बंध हवा. तो बंध जोडणारा रेणू म्हणजे सिलेन. त्याच्या एका टोकाला मेथॉक्सी गट असतात, ते पाण्याशी अभिक्रिया करून सिलिकाचे जाळे विणतात. दुसऱ्या टोकाला मेथॅक्रिलेट असते, ते प्रकाशात साखळी बनवते. जर्मनीत वुर्झबर्गच्या फ्राउनहोफर संस्थेने अशाच पदार्थांचे ‘ऑर्मोसर’ नावाचे कुटुंब विकसित केले. दाताची पोकळी भरताना दंतवैद्य निळा दिवा धरतात, त्या भरणातही सिलेन लावलेली काचेची पूड आणि मेथॅक्रिलेट असते. तोंडात भट्टी नेता येत नाही, म्हणून तिथे ही पद्धत फार आधी रुजली.

सॉल-जेल म्हणजे पातळ द्रवापासून (सॉल) सुरुवात करून त्यातूनच घट्ट जाळे (जेल) विणणे. शुद्ध सिलिकाचा असा थर साधारण एक मायक्रॉनच्या पुढे गेला की वाळताना तडकतो. कार्बनी भाग मिसळला की तोच थर लवचिक होतो आणि दहा-वीस मायक्रॉनपर्यंत टिकतो.

साहित्य

१. मेथॅक्रिलॉक्सीप्रोपिल ट्रायमेथॉक्सी सिलेन (सीएएस क्रमांक, म्हणजे रसायनाचा ओळख-क्रमांक, २५३०-८५-०): २४.८ ग्रॅम
२. टेट्राएथिल ऑर्थोसिलिकेट, म्हणजे टीईओएस (७८-१०-४): ४.२ ग्रॅम
३. आयसोप्रोपिल अल्कोहोल: १० ग्रॅम
४. ०.०१ मोलर हायड्रोक्लोरिक आम्ल: ३.४ ग्रॅम
५. ट्रायप्रोपिलीन ग्लायकॉल डायॲक्रिलेट, म्हणजे टीपीजीडीए: ६ ग्रॅम
६. बापो हा प्रकाश-आरंभक, म्हणजे प्रकाश पडताच साखळी सुरू करणारा पदार्थ (१६२८८१-२६-७): ०.५ ग्रॅम

सिलेन मागवताना सीएएस क्रमांक जरूर सांगा. नावे इतकी सारखी असतात की दुकानदाराकडून भलतेच सिलेन येऊ शकते, आणि अमिनो सिलेन आले तर सगळे मिश्रण काही मिनिटांत घट्ट होऊ शकते.

पाणी ३.४ ग्रॅमच का? सिलेन ०.१ मोल आहे आणि त्याच्या प्रत्येक रेणूवर तीन मेथॉक्सी गट आहेत. ते तोडायला तीन रेणू पाणी लागते, पण पुढे जाळे विणताना त्यातले निम्मे परत मिळते. म्हणजे निव्वळ गरज दीड रेणूची. टीईओएसच्या बाबतीत याच हिशेबाने दोन रेणू. बेरीज ०.१९ मोल, म्हणजे ३.४ ग्रॅम. यापेक्षा जास्त ओतलेला प्रत्येक थेंब नंतर उडवावा लागतो, आणि पाणी उडवणे महाग आहे: किलोमागे सुमारे २,२६० किलोजूल, आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या तिपटीहून जास्त. वीज वाचवण्याची पहिली संधी इथे मोजपात्रातच असते.

सगळे पूर्ण झाल्यावर सिलेनचे १७.९ ग्रॅम, टीईओएसचे १.२ ग्रॅम आणि टीपीजीडीएचे ६ ग्रॅम असे सुमारे २५ ग्रॅम घन उरते. बाकीचे २३ ग्रॅम अल्कोहोल म्हणून उडते. त्यात जवळजवळ दहा ग्रॅम मिथेनॉल आहे, ही गोष्ट गंभीरपणे घ्या. ते बाटलीतून ओतलेले नसते, अभिक्रियेतच तयार होते, म्हणून नवख्या माणसाच्या लक्षात येत नाही. मिथेनॉलच्या वाफा विषारी आहेत आणि त्याने दृष्टी जाऊ शकते. काम फ्यूम हूडमध्येच, म्हणजे वाफा बाहेर ओढणाऱ्या कपाटातच करा, आसपास ज्योत किंवा ठिणगी नको. ॲक्रिलेटमुळे त्वचेला कायमची ॲलर्जी होऊ शकते. पातळ नायट्राइल मोज्यांतून ते काही वेळात आरपार जाते, तेव्हा थेंब पडला की मोजा लगेच बदला.

सॉल बनवणे

आम्ल आधी तयार ठेवा. एक लिटर डिस्टिल्ड पाण्यात ३७ टक्क्यांचे हायड्रोक्लोरिक आम्ल ०.८३ मिली घातले की ०.०१ मोलर होते. आम्ल पाण्यात घालायचे, उलट नाही.

काचेच्या झाकणाच्या बाटलीत टीईओएस आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या. मॅग्नेटिक स्टररवर ढवळत सगळे ३.४ ग्रॅम आम्लपाणी घाला आणि तासभर तसेच चालू द्या. स्टररची तापवण्याची कळ बंदच ठेवायची. तासाभराने सिलेन थेंबथेंब, दहा-पंधरा मिनिटांत घाला.

हा क्रम बदलू नका. टीईओएसचे एथॉक्सी गट मेथॉक्सीपेक्षा सावकाश तुटतात. दोन्ही एकदम घातले तर सिलेन पाणी संपवून टाकते, टीईओएस तसेच उरते आणि थर वाळताना चक्क उडून जाते. हातात आलेल्या थरात मग सिलिका कमी भरते आणि कडकपणा का आला नाही हे कळत नाही.

सिलेन घातल्यावर मिश्रण गढूळ दिसू शकते. थोड्या वेळात सुटलेले मिथेनॉलच दोन्ही थरांना एकत्र आणते आणि द्रव स्वच्छ होतो. बाटली किंचित कोमट लागेल. तीही उष्णता फुकट मिळालेली आहे. पाच-सहा तास ढवळा, मग झाकण लावून रात्रभर अंधारात ठेवून द्या.

इथे पुष्कळ जण सवयीने ६० किंवा ८० अंशांवर रिफ्लक्स लावतात, म्हणजे द्रव तापवत ठेवून त्याची वाफ थंड करून परत भांड्यात आणतात. त्याची गरज नाही. आम्लाचा पीएच २ च्या आसपास आहे, आणि तिथे मेथॉक्सी गट तुटण्याची अभिक्रिया वेगाने होते, तर जाळे विणण्याची अभिक्रिया अगदी मंद असते. आपल्याला नेमके हेच हवे आहे: गट तुटलेले, पण द्रव अजून पातळ. तापवले की दुसरी अभिक्रियाही जोर धरते आणि सॉलचे आयुष्य घटते. रिफ्लक्सचे कंडेन्सर चालवायला जे पाणी वाहते ते वेगळेच.

दुसऱ्या दिवशी टीपीजीडीए आणि बापो घाला. इथून पुढे खिडकीचा उजेडही चालत नाही. पिवळा दिवा लावा किंवा बाटलीला ॲल्युमिनियम फॉइल गुंडाळा. बापो विरघळायला वेळ घेतो. अर्धा तास ढवळा, मग ०.४५ मायक्रॉनच्या सिरिंज फिल्टरमधून गाळून घ्या.

आरंभकाबद्दल थोडे. जुन्या कृतींत टीपीओ नावाचा आरंभक सापडेल. तो प्रजननास घातक ठरवला गेल्याने युरोपीय संघाने १ सप्टेंबर २०२५ पासून नखांच्या उत्पादनांत त्यावर बंदी घातली आहे. नवे काम सुरू करताना तो टाळणे शहाणपणाचे. बापोमुळे सॉल पिवळसर दिसतो, पण प्रकाशात तो रंग फिका होत जातो.

असा सॉल फ्रिजमध्ये, म्हणजे खाण्याच्या वस्तूंपासून वेगळ्या फ्रिजमध्ये, काही आठवडे टिकतो. विदर्भातल्या मे महिन्यात बाकावर ठेवलात तर आयुष्य झपाट्याने कमी होईल. दर आठवड्याला वाहण्याचा वेग पाहा. दाट वाटू लागला की त्यात अल्कोहोल घालून पातळ करण्यापेक्षा नवा बनवा.

थर देणे

काच, ॲल्युमिनियम किंवा पॉलिकार्बोनेट, काहीही असो, पृष्ठभागावर तेलाचा अंश राहता कामा नये. धातू आणि काच सौम्य अल्कलीच्या साबणाने धुवा, डिस्टिल्ड पाण्याने विसळा, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. धुतलेल्या पत्र्यावर पाण्याची सलग पापुद्र्यासारखी परत राहिली तर तो स्वच्छ आहे. पाण्याचे थेंब जमले तर पुन्हा धुवा. पॉलिकार्बोनेटला अल्कली नको, नुसता साबण आणि अल्कोहोल पुरे.

वीस मायक्रॉन ओला थर देणारा तारेचा बार वापरला की वाळल्यावर नऊ-दहा मायक्रॉन उरतात. बार नसेल तर बुडवून सावकाश वर काढायची पद्धत चालते. जितके हळू काढाल तितका थर पातळ.

आता पंधरा मिनिटे थांबा. अल्कोहोल आपोआप उडते. हे थांबणे चुकवले तर आत अडकलेल्या अल्कोहोलमुळे थरात बुडबुडे आणि मऊपणा येतो. कोकणात, मुंबईत पावसाळ्यात एक वेगळी अडचण असते. अल्कोहोल उडताना थर थंड पडतो, दमट हवेतले पाणी त्यावर बसते आणि पारदर्शक थर दुधाळ होतो. त्यासाठी मोठा ओव्हन लावू नका. पत्र्यावरून ४० ते ४५ अंशांची कोमट हवा हलकेच सोडली तरी दव बसत नाही.

प्रकाश: दहा सेकंदांचे काम

३६५, ३८५ किंवा ३९५ नॅनोमीटरचा यूव्ही एलईडी, यांपैकी कोणताही बापोला चालतो. पाऱ्याचा दिवा असेल तरी काम होईल, पण तो तापून तयार व्हायला काही मिनिटे घेतो आणि एकदा विझवला की लगेच पेटत नाही. त्यामुळे दोन पत्र्यांच्या मधल्या वेळातही तो चालूच ठेवावा लागतो. एलईडी कळ दाबताच पूर्ण तीव्रतेने लागतो आणि काम झाले की बंद. छोट्या युनिटमध्ये, जिथे माल सलग येत नाही, तिथे खरी बचत या चालू-बंद करण्यातच आहे.

लक्ष्य ठेवा दर चौरस सेंटिमीटरला २ जूलचे. दिव्याची तीव्रता पत्र्यापाशी दर चौरस सेंटिमीटरला २०० मिलिवॅट असेल तर दहा सेकंद पुरतात. तीव्रता रेडिओमीटरने पत्र्याच्याच अंतरावर मोजा. दिव्याच्या खोक्यावरचा आकडा त्या कामाचा नाही. डोळ्यांना यूव्हीचा चष्मा आणि हातांवर पूर्ण बाह्या हव्यातच.

हवेतला प्राणवायू साखळी वाढणे थांबवतो, म्हणून वरची बाजू चिकट राहू शकते. यावर साधा उपाय म्हणून अमाइन घालायला सांगितले जाते. या सॉलमध्ये ते अजिबात घालू नका. अमाइन आम्ल मारते, पीएच चढतो आणि सिलिकाचे जाळे बाटलीतच विणले जाते. त्याऐवजी पत्र्यावरून नायट्रोजनचा मंद झोत सोडा. नायट्रोजन नसेल तर अल्कोहोल पूर्ण उडाल्यावर थरावर पारदर्शक पीईटीची फिल्म अलगद बसवा आणि तिच्या वरून प्रकाश द्या. ३६५ नॅनोमीटरचा बहुतेक प्रकाश पीईटीतून आत जातो, नंतर फिल्म सोलून काढता येते. सोललेला पृष्ठभाग आरशासारखा गुळगुळीत मिळतो, हा वरचा फायदा.

प्रकाश दिल्यावर थर बोटाला कोरडा लागतो. तरी काम अजून अर्धेच झाले आहे. कार्बनच्या साखळ्या तयार झाल्या, पण सिलिकाचे जाळे खोलीच्या तापमानाला पुढे कित्येक दिवस घट्ट होत राहते. भट्टीत घालून हे तासाभरात उरकता येते, पण घाई नसेल तर पत्रे सात दिवस रॅकवर उभे करून ठेवा. विजेच्या जागी वेळ वापरणे ही माझ्या मते सगळ्यांत दुर्लक्षित बचत आहे.

थर झाला की नाही, हे कसे कळेल

पेन्सिलची कडकपणा चाचणी, एका-एका मिलिमीटरवर चौकटी कापून टेप ओढण्याची चिकटपणाची चाचणी आणि एमईके या द्रावकात भिजवलेल्या कापडाने शंभर वेळा मागे-पुढे घासणे, या तीन गोष्टी बाकावर होतात. पहिल्या दिवशी आणि सातव्या दिवशी, दोन्हीदा करा, फरक दिसेल. एमईकेने थर मऊ पडला तर प्रकाश कमी पडला. टेपबरोबर चौकटी निघाल्या तर बहुधा धुण्यात कसर राहिली.

जवळच्या महाविद्यालयात एफटीआयआर (अवरक्त वर्णपट घेणारे यंत्र) असेल तर १,६३७ सेंमी⁻¹ च्या आसपासचे कार्बनच्या दुहेरी बंधाचे शिखर १,७२० च्या कार्बोनिल शिखराशी ताडून पाहा. पहिले जितके खाली आले तितके बंध जुळले. ते पूर्ण नाहीसे होण्याची वाट पाहू नका: जाळे घट्ट झाले की काही बंध आत अडकून पडतात आणि कितीही प्रकाश दिला तरी हलत नाहीत.

विजेचा खरा हिशेब

प्लगला लावायचा छोटा एनर्जी मीटर घ्या आणि प्रत्येक यंत्रावर लावून पाहा. आपल्या पत्र्याला २०० जूल प्रकाश मिळाला. एलईडी विजेचा सुमारे एक तृतीयांश भाग प्रकाशात बदलतो आणि निम्मा प्रकाश पत्र्याबाहेर पडतो असे धरले, तर प्लगवर १,२०० जूल. भट्टीच्या १८ लाखांपुढे हा पंधराशेवा हिस्सा आहे.

हा आकडा अहवालात लिहून मोकळे होणे मात्र अप्रामाणिक ठरेल. भट्टीत एका वेळी शंभर पत्रे मावत असतील तर फरक पंधरा पटींवर येतो. सॉल ढवळायला १० वॅटचा स्टरर सहा तास चालला. तेवढ्या सॉलमध्ये दोनशे पत्रे होतात, म्हणजे पत्र्यामागे आणखी सुमारे १,१०० जूल, जवळजवळ दिव्याइतकेच. आणि हूडचा पंखा २०० वॅटचा धरला, तर एक पत्रा सुकवायच्या पंधरा मिनिटांत तो १ लाख ८० हजार जूल खातो. दिव्याच्या दीडशे पट! म्हणून पत्रे एक-एक करून सुकवू नका, पन्नास पत्रे एकदम सुकवा. पंखा बंद करून वीज वाचवायची नाही. मिथेनॉलच्या बाबतीत ती तडजोड नको. हूडची काच मात्र हात जाईल एवढीच उघडी ठेवा.

मायक्रोवेव्हबद्दल नेहमी विचारले जाते. मायक्रोवेव्हने अभिक्रियेचा वेळ घटतो हे खरे, पण मॅग्नेट्रॉन विजेचा मोठा भाग उष्णतेतच घालवतो, आणि प्रयोगशाळेतल्या छोट्या नमुन्यांसाठी ही यंत्रे साध्या तेलबाथपेक्षा जास्त वीज घेऊ शकतात. वेळ कमी म्हणजे वीज कमी, हे गृहीत धरण्याआधी मीटर लावा. घरगुती मायक्रोवेव्हमध्ये अल्कोहोल असलेला सॉल ठेवणे तर सरळ आगीला बोलावणे आहे.

जाड वस्तूंसाठी: स्वतःच्या उष्णतेवर पुढे सरकणारी अभिक्रिया

पाच-दहा मिलिमीटर जाड, भराव घातलेल्या अपारदर्शक वस्तूत यूव्ही आतपर्यंत जात नाही. तिथे फ्रंटल पॉलिमरायझेशन कामी येते. १९७२ मध्ये सोव्हिएत संघात चेचिलो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेथिल मेथॅक्रिलेटवर ते दाखवले. एका टोकाला उष्णता दिली की तिथली अभिक्रिया सुरू होते, तिची उष्णता शेजारच्या थराला पेटवते, आणि पक्का होण्याची एक रेषा वस्तूतून पुढे सरकत जाते. इलिनॉय विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ मध्ये कार्बन फायबरचे पत्रे याच पद्धतीने काही मिनिटांत बनवले. विमानाच्या एका मोठ्या भागाला ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाबाखाली तापवणाऱ्या भट्टीत, साडेतीनशे गिगाजूल लागतात, हा तुलनेचा मुद्दा त्यांनीच मांडला होता.

आपल्याकडचा हायब्रीड प्रकार असा: ट्रायमेथिलॉलप्रोपेन ट्रायॲक्रिलेट आणि केओलिन माती, वजनाने निम्मे-निम्मे. माती आधी सिलेनच्या पातळ, आम्ल घातलेल्या अल्कोहोल-पाण्याच्या द्रावणात ढवळून उन्हात खडखडीत वाळवा, म्हणजे तिच्या कणांवर मेथॅक्रिलेटचे टोक बसेल आणि पॉलिमरशी बंध जुळेल.

आधी गणित. ॲक्रिलेटच्या एका मोल दुहेरी बंधामागे सुमारे ८० किलोजूल सुटतात. या मोनोमरच्या २९६ ग्रॅममध्ये तीन मोल बंध आहेत, म्हणजे ग्रॅममागे ८१० जूल. निम्मा भाग माती आणि बंधांपैकी ६० टक्केच जुळले असे धरले, तर मिश्रणाच्या ग्रॅममागे सुमारे २४० जूल. मिश्रणाची विशिष्ट उष्णता दीड जूल धरून तापमान १६० अंशांनी चढते. तेवढ्यावर रेषा पुढे सरकू शकते. माती वाढवत नेली तर एका मर्यादेनंतर उष्णता पुरत नाही आणि रेषा मधेच विझते. तुमच्या मातीची ती मर्यादा पाच-पाच टक्के वाढवत शोधावी लागेल.

मिश्रण खाली वाहू नये इतकी फ्यूम्ड सिलिका (सिलिकाची अतिबारीक पूड) घालून ते पुट्टीसारखे दाट करा. शेवटी मोनोमरच्या वजनाच्या एक ते दोन टक्के पेरॉक्सिकेटल वर्गातला, खोलीच्या तापमानाला स्थिर राहणारा पेरॉक्साइड मिसळा. कोबाल्टचा ॲक्सिलरेटर (अभिक्रिया वेगवान करणारा पदार्थ) त्या टेबलावरसुद्धा नको. पेरॉक्साइडशी थेट गाठ पडली तर स्फोट होऊ शकतो. दहा ग्रॅमची लांब, बोटाएवढी पट्टी लाकडाच्या किंवा जिप्समच्या साच्यात भरा. धातूचा साचा उष्णता पळवतो आणि रेषा मरते. एका टोकाला सोल्डरिंग आयर्न टेकवा, धूर दिसू लागला आणि कड पांढरट-कडक झाली की काढून घ्या. पुढचे ती पट्टी स्वतः करते.

पहिले प्रयोग हूडमध्ये, काच खाली ओढून, २० ग्रॅमच्या आतच करा. गोळा करून भरू नका. जाड गोळ्यात आतली उष्णता बाहेर पडत नाही आणि तापमान २०० अंशांच्या वर जाऊन मिश्रण धुमसते. पट्टी दिसायला थंड वाटली तरी अर्धा तास हात लावू नका. उरलेले मिश्रण बाटलीत साठवून ठेवायचे नाही: वाळूच्या ट्रेमध्ये पातळ पसरवा, थोडे थोडे करून पक्के करा आणि मगच टाका.